सायकलचा डिस्क ब्रेक आणि घरी बांधलेले जायरोप्लेन

सायकलच्या दुकानात टांगलेला डिस्क ब्रेक आणि हवेत उडणारे यंत्र यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि स्वतःच्या हातांनी लहान जायरोप्लेन बांधणाऱ्या हौशी लोकांनी हा ब्रेक आपल्या यंत्राच्या चाकांना बसविलेला आहे. त्याची कारणे उघड आहेत. विमानासाठी खास बनविलेले ब्रेक महाग व जड असतात. सायकलचा ब्रेक हलका व स्वस्त असून त्याचे सुटे भाग गावोगावी मिळतात. प्रश्न एवढाच की, सुमारे ९० किलोग्रॅम वजनाच्या सायकलस्वारासाठी बनविलेला ब्रेक २५० किलोग्रॅमच्या यंत्राला पुरा पडेल काय? पुष्कळ लोक या प्रश्नाचे उत्तर अनुमानाने देतात. कोणी म्हणतो, "तो तुटून जाईल", कोणी म्हणतो, "माझ्या मित्राने बसविला आहे, म्हणजे चालतो." दोन्ही उत्तरे शास्त्रीय नव्हेत. वास्तविक हा प्रश्न शाळेत शिकविल्या जाणाऱ्या भौतिकीने बहुतांशी सुटतो, आणि तो सोडविताना असे दिसून येते की ब्रेकची उणीव आपण जेथे शोधतो तेथे ती नसते.

जायरोप्लेन म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. या यंत्राच्या डोक्यावर हेलिकॉप्टरप्रमाणे लांब पाती फिरत असतात. या फिरत्या पंखाला आपण घूर्णक म्हणू. परंतु हेलिकॉप्टरमध्ये एंजिन घूर्णकाला फिरविते, तर जायरोप्लेनमध्ये उड्डाणाच्या वेळी घूर्णकाचा एंजिनाशी संबंध नसतो. एंजिन केवळ एक साधा पंखा फिरवून यंत्राला पुढे ढकलते, आणि पुढे जाताना खालून वर येणाऱ्या हवेच्या प्रवाहाने घूर्णक आपोआप फिरत राहतो. वाऱ्यात धरलेली भिंगरी जशी फिरते, तसाच हा प्रकार. स्पेनचे अभियंते हुआन दे ला सिएर्व्हा यांनी १९२३ च्या जानेवारीत या तत्त्वावरील पहिले यशस्वी उड्डाण घडवून आणले आणि १९२८ साली आपल्या यंत्रातून इंग्लिश खाडी पार केली. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत ईगोर बेन्सन यांनी एका माणसाने आपल्या घरी बांधावे इतके साधे यंत्र आखले व त्याचे आराखडे विकावयास ठेवले. आज जगात जी घरगुती जायरोप्लेने दिसतात त्यांपैकी पुष्कळांचा वंश या बेन्सनच्या यंत्रापर्यंत पोहोचतो. नळ्यांचा सांगाडा, पुढे एक व मागे दोन अशी तीन लहान चाके, पाठीमागे एंजिन व पंखा, आणि वर दोन पात्यांचा घूर्णक: एवढाच त्याचा संसार.

डिस्क ब्रेकची कल्पनाही जुनीच आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. परंतु ती मोठ्या प्रमाणावर उपयोगात आली ती प्रथम विमानांच्या चाकांत, आणि त्यानंतर मोटारींत. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाड्यांनी विजय मिळविला, तेव्हा मोटारकारखानदारांचे तिच्याकडे लक्ष वेधले. सायकलींत हा ब्रेक सर्रास दिसू लागला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. तेव्हा सायकलचा डिस्क ब्रेक जायरोप्लेनला लावणे म्हणजे विमानातून निघालेली वस्तू फेरा मारून पुन्हा विमानाकडे येणे होय.

दतिया गेटकडे येणारा सायकलस्वार

आकडेमोडीस सायकलपासूनच प्रारंभ करू. झाशी शहराच्या जुन्या तटबंदीत जे दरवाजे आहेत त्यांपैकी एक दतिया गेट. त्यातून निघणारी वाट दतियाकडे जाते म्हणून त्याचे हे नाव. ओरछा गेट, भांडेर गेट यांची नावेही याच रीतीने पडली. (नारोशंकर यांच्यापासून मराठी सुभेदारांच्या ताब्यात राहिलेले हे शहर मराठी वाचकाला परके नाही.) जुन्या तटबंदीचा दरवाजा हत्ती-घोड्यांच्या व पायदळाच्या वर्दळीसाठी बांधलेला असतो, वेगाने जाण्यासाठी नव्हे. समजा, एक सायकलस्वार ताशी १८ किलोमीटर वेगाने दतिया गेटकडे येत आहे आणि समोर हातगाडी आडवी आल्याने त्याने ब्रेक दाबला. सायकल व स्वार यांचे वस्तुमान ९० किलोग्रॅम धरू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. अर्थात ९० गुणिले २५ भागिले २, म्हणजे ११२५ जूल. एवढी ऊर्जा सायकल थांबण्यापूर्वी कोठे तरी जाणे प्राप्त आहे. ब्रेक तिचा नाश करीत नाही. तो केवळ तिचे उष्णतेत रूपांतर करतो. ब्रेक हे उष्णता निर्माण करणारे यंत्र आहे, ही गोष्ट वाचकाने पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी.

आता २५० किलोग्रॅमचे जायरोप्लेन घ्या. चालक व इंधन यांसह एकआसनी यंत्राचे वजन साधारण एवढे असते. जायरोप्लेन अत्यंत सावकाश उतरते, किंबहुना समोरून थोडा वारा असल्यास ते जमिनीवर जेमतेम काही मीटरच धावते. परंतु उड्डाणासाठी धावत असताना काही बिघाड दिसून आल्यास ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगावरून थांबावे लागेल असे धरू. त्या वेळची गतिज ऊर्जा १२,५०० जूल होते. सायकलस्वाराच्या अकरा पट! ताशी ५४ किलोमीटर वेग असेल तर ती २८,१२५ जूल, म्हणजे पंचवीस पट होते. हे आकडे पाहून पुष्कळजण येथेच थांबतात आणि ब्रेक पुरा पडणार नाही असा निर्णय देतात. तो घाईचा आहे.

लहान चाकाचा लाभ

ब्रेकची पकड मोजण्याचे माप परिबल हे होय. चाकाच्या परिघावर लागणारे बल आणि चाकाची त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे परिबल. चांगला सायकलस्वार केवळ पुढच्या ब्रेकने सेकंदाला सुमारे ५ मीटर या दराने आपला वेग कमी करू शकतो. त्याला लागणारे बल ९० गुणिले ५, म्हणजे ४५० न्यूटन. सायकलच्या चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर धरली तर परिबल १५३ न्यूटन-मीटर येते. तेव्हा सुस्थितीतील एक डिस्क ब्रेक निदान १५० न्यूटन-मीटर परिबल देतो असे मानण्यास हरकत नाही.

जायरोप्लेनचे चाक याच्या मानाने फारच लहान असते. त्याची त्रिज्या ०.१५ मीटर धरू. तेच १५३ न्यूटन-मीटर परिबल या चाकाच्या परिघावर १०२० न्यूटन बल देते, सायकलच्या दुपटीहून अधिक. मागच्या दोन चाकांना एकेक ब्रेक बसविल्यास एकूण बल २००० न्यूटनांच्या वर जाते. हे बल इतके मोठे आहे की जमीन ते स्वीकारूच शकत नाही, चाके घसरू लागतील. ते कसे, हे पाहू.

चाक व जमीन यांच्यामधील घर्षणांक कोरड्या डांबरी धावपट्टीवर ०.७ धरू, आणि एकूण वजनाचे चार पंचमांश मागच्या चाकांवर आहे असे समजू. २५० किलोग्रॅमचे वजन २४५० न्यूटन. त्यातील १९६० न्यूटन मागच्या चाकांवर. त्याला ०.७ ने गुणले की १३७२ न्यूटन. परंतु हाही आकडा मोठा झाला. कारण ब्रेक लागताच यंत्राचा भार पुढे झुकतो, पुढचे चाक दाबले जाते आणि मागची चाके हलकी होतात. सायकलचा पुढचा ब्रेक एकदम दाबल्यावर मागचे चाक उचलले जाते, त्याचेच हे दुसरे रूप. जायरोप्लेनचा गुरुत्वमध्य उंच असल्याने हा परिणाम बराच असतो. गुरुत्वमध्याची उंची ०.८ मीटर आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर १.४ मीटर घेऊन हिशेब केला असता जमिनीकडून मिळू शकणारे बल ९८० न्यूटनांवर येते. म्हणजे प्रत्येक चाकावर ४९० न्यूटन, आणि ब्रेकला द्यावे लागणारे परिबल केवळ ७३.५ न्यूटन-मीटर. सायकलच्या ब्रेकच्या सामर्थ्याच्या हे निम्मेच आहे!

एवढ्या बलाने यंत्र ताशी ३६ किलोमीटर वेगावरून सुमारे १३ मीटरांत थांबते. परंतु एक गोष्ट अजून हिशेबात धरलेली नाही. जमिनीवर उतरल्यावरही घूर्णक फिरतच असतो आणि यंत्राचे काही वजन तो तोलून धरतो. अर्धे वजन घूर्णकावर असेल तर चाकांची पकडही निम्मी होते आणि थांबण्यास १३ ऐवजी २५ मीटर लागतात. ब्रेक कितीही उत्तम असला तरी यात फरक पडत नाही, कारण उणीव ब्रेकची नसून चाकावरील वजनाची आहे. म्हणूनच अनुभवी चालक उतरल्याबरोबर ब्रेक दाबीत नाही. तो दांडा मागे ओढून घूर्णक मागे कलवितो, आणि कललेला घूर्णकच हवेत रोध निर्माण करून यंत्राचा वेग कमी करतो. चाकांचे ब्रेक हे जायरोप्लेनमध्ये दुय्यम साधन आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

उष्णतेचा हिशेब

पकडीच्या प्रश्नातून ब्रेक सुटला, तरी उष्णतेतून तो सुटलेला नाही. परिबल चाकाच्या आकाराने बदलते, परंतु उष्णता बदलत नाही. १२,५०० जूल ते १२,५०० जूलच. शिवाय लहान चाक त्याच वेगासाठी अधिक फेरे घेते. सेकंदाला १० मीटर वेगाने जाताना सायकलचे चाक मिनिटाला सुमारे २८० फेरे घेते, तर आपले लहान चाक ६४० च्या आसपास. तेव्हा पॅड व तबकडी यांचे परस्परांवर घासणे दुपटीहून अधिक वेगाने होते.

१६० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तबकडीचे वस्तुमान १२० ग्रॅम धरू. पोलादाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला प्रत्येक अंश सेल्सियसमागे सुमारे ५०० जूल आहे. म्हणजे ही तबकडी एका अंशाने तापविण्यास ६० जूल पुरतात. ताशी ३६ किलोमीटरवरून थांबताना प्रत्येक तबकडीच्या वाट्यास ६२५० जूल येतात. सर्व उष्णता तबकडीतच राहिली असे मानल्यास तापमान १०४ अंशांनी वाढते. ताशी ५४ किलोमीटरवरून थांबल्यास ही वाढ २३४ अंश होते. बुंदेलखंडात मे महिन्याच्या दुपारी हवाच ४५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे तबकडी २८० अंशांच्या घरात जाते. एखाद्या वेळी असे घडल्यास ब्रेक निभावून नेईल. परंतु लगोलग दुसऱ्यांदा तसेच केल्यास राळेने बांधलेले पॅड पकड गमावू लागतात, आणि चालकाला आपला हात नेहमीइतकाच जोर लावीत असूनही यंत्र थांबत नाही असा अनुभव येतो.

आता यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट. जायरोप्लेनचा पंखा एंजिन मंद चालू असतानाही यंत्राला पुढे ढकलीत असतो. हँगरपासून धावपट्टीपर्यंत जाताना यंत्र फार वेगाने जाऊ नये म्हणून चालक ब्रेक हलकासा दाबून ठेवतो. यात कोणालाही धोका दिसत नाही. हिशेब करू. ब्रेकने १०० न्यूटन बल दिले आणि वेग सेकंदाला ३ मीटर असला, तर दर सेकंदाला ३०० जूल उष्णता निर्माण होते. दोन मिनिटांत ३६,००० जूल! ताशी ५४ किलोमीटर वेगावरून तातडीने थांबताना जेवढी उष्णता निर्माण झाली तिच्यापेक्षा ही अधिक आहे. अर्थात दोन मिनिटांत वाऱ्याने बरीचशी उष्णता निघून जाते. परंतु तेवढ्याच अवधीत ती तबकडीतून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून त्यातील तेलातही शिरते. घाटातून उतरताना अनुभवी ट्रकचालक सतत ब्रेक दाबून न ठेवता खालचा गिअर टाकतो, त्याचे कारण हेच. जायरोप्लेनच्या चालकाने ब्रेक काही क्षण पक्का दाबावा, वेग कमी करावा आणि मग पूर्ण सोडून द्यावा; तबकडीला निवण्यास अवधी मिळतो. सायकलच्या ब्रेकला बिघडविणारी सवय शोधावयाची असेल तर ती तातडीच्या थांबण्यात नव्हे, या रेंगाळत्या दाबण्यात सापडेल.

घूर्णकाविषयी एक शब्द येथेच सांगणे योग्य होईल, कारण घूर्णक थांबविण्यासाठीही काही लोक सायकलचाच डिस्क ब्रेक वापरतात. ६.६ मीटर व्यासाच्या व २० किलोग्रॅम वजनाच्या घूर्णकाचे निरूढी परिबल सुमारे ७३ किलोग्रॅम-मीटर वर्ग येते. मिनिटाला ३६० फेरे घेताना त्यात ५१,००० जूलांहून अधिक ऊर्जा साठलेली असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या सबंध यंत्रात जेवढी असते त्याच्या चौपट! ती एका तबकडीत ओतली तर तबकडी तापून लाल होईल. परंतु हवेच्या रोधाने घूर्णक मिनिटाला १०० फेऱ्यांपर्यंत मंदावू दिला, तर ऊर्जा ४००० जूलांच्या आतच उरते आणि तापमानाची वाढ ६६ अंशांवर येते. वेग तीन-साडेतीन पटींनी कमी झाला की ऊर्जा तेरा पटींनी कमी होते. वर्गाच्या नियमाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. थोडी वाट पाहणे हाच येथे सर्वांत उत्तम ब्रेक.

जोडणी

ब्रेक पुरा पडतो हे सिद्ध झाले, तरी तो ज्यावर बसवावयाचा तो आधार पुरा पडतो असे मात्र नाही. घरी बांधणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते.

सायकलच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेला असतो. जायरोप्लेनच्या मागच्या चाकाचा आस मात्र एकाच टोकाला धरलेला व दुसरे टोक मोकळे असा असतो. हा भेद क्षुल्लक नाही. चाकावर १००० न्यूटन भार आणि तो आधारापासून ६ सेंटिमीटर दूर, असे धरले तर १० मिलिमीटर जाडीच्या आसात सुमारे ६१० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतके नमन प्रतिबल निर्माण होते. साधे मऊ पोलाद २५० च्या आसपासच कायमचे वाकते. म्हणजे सायकलचा आस येथे यंत्र नुसते उभे असतानाच वाकेल. जाडी दुप्पट, म्हणजे २० मिलिमीटर केली की प्रतिबल आठ पटींनी घटून ७६ वर येते, आणि उतरताना भार तिप्पट झाला तरी आस टिकतो. (वाचकाने येथे घनाचा नियम कसा लागू पडतो ते पाहावे.) त्याच कारणाने तारांच्या आऱ्यांचे सायकलचे चाक या कामी टाळावे; ते वरून येणारा भार उत्तम सोसते, पण बाजूने येणाऱ्या धक्क्यापुढे दुबळे असते, आणि जायरोप्लेन वाऱ्यात तिरके उतरणे ही नित्याची गोष्ट आहे.

बाजारात मिळणाऱ्या हातगाडीच्या लहान चाकांना तबकडी बसविण्याची सोय नसते. सायकलच्या तबकडीला सामान्यतः सहा बोल्टांची छिद्रे असून ती ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात व बोल्ट ५ मिलिमीटरचे असतात. तेव्हा लेथवर एक जोडचकती कातून घ्यावी लागते. तिचा मध्य चाकाच्या मध्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर तबकडी डुलते. पॅड व तबकडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मिळून मिलिमीटरभरही जागा नसते. हातगाडीच्या चाकात बहुधा साधी बुशे असतात व चाक आसावर किंचित हलते. वळताना चाक कलले की तबकडी पॅडना मागे ढकलते. नंतर चालक ब्रेक दाबतो तेव्हा मुठीची पहिली चाल हे अंतर भरून काढण्यातच खर्च होते आणि मूठ हँडलला टेकते. ब्रेक बिघडला असे समजून चालक तेल भरीत बसतो, वास्तविक दोष चाकाच्या धारव्यात असतो! चांगले बॉलबेअरिंग बसविले की हा रोग समूळ जातो.

कॅलिपरचा आधारही असाच जपून करावा. ७३.५ न्यूटन-मीटर परिबल ७ सेंटिमीटर त्रिज्येवर धरावयाचे म्हणजे कॅलिपरवर सुमारे १०५० न्यूटन बल येते. एक धिप्पाड माणूस त्या लहानशा पत्र्यावर उभा राहिला आहे अशी कल्पना करावी. आधाराची पट्टी आसावर नुसती नटाने आवळलेली असेल तर ती आसाभोवती फिरून जाईल व तेलाची नळी तुटेल. पट्टी आसाच्या बुडाशी असलेल्या चौकोनी पाटीला निदान दोन बोल्टांनी पक्की करावी. तबकडीवर फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असल्यास तो पाहावा. सायकलला तबकडी नेहमी डाव्या अंगास असते. जायरोप्लेनच्या दोन चाकांत मात्र एकीस ती डाव्या व दुसरीस उजव्या अंगास येते, म्हणून एक तबकडी उलटी करून बसविल्याशिवाय बाण जुळत नाही.

दोन चाकांना एक मूठ की दोन? सायकलच्या मुठीतील दट्ट्या एकाच कॅलिपरला पुरेल एवढेच तेल ढकलतो. नळीला दोन फाटे काढून दोन कॅलिपर जोडले तर मुठीची चाल दुप्पट लागते आणि ती बहुधा अपुरी पडते. त्यापेक्षा प्रत्येक चाकाला स्वतंत्र मूठ किंवा स्वतंत्र पायटा द्यावा. तसे केल्याने एका अंगाचा ब्रेक निकामी झाला तरी दुसरा शिल्लक राहतो, मात्र त्या प्रसंगी यंत्र एका बाजूस ओढले जाते. उंच गुरुत्वमध्य, अरुंद चाकांतर आणि डोक्यावर फिरणारी पाती यांमुळे जायरोप्लेन वेगात एका बाजूस खेचले जाणे फार धोक्याचे. ते कलंडले की पाती जमिनीवर आपटतात आणि त्यांचे तुकडे कोणत्या दिशेने उडतील याचा नेम नसतो. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक घेतल्यास एका मुठीने दोन्ही चाके समान रोखता येतात. मुठीची तार एका आडव्या पट्टीच्या मध्यावर जोडावी व पट्टीच्या दोन टोकांपासून दोन तारा दोन चाकांकडे न्याव्यात. बैलगाडीचे जू ज्याप्रमाणे मध्यावर ओढ घेऊन दोन्ही बैलांत ती वाटते, तसेच हे कार्य आहे. माझ्या मते, पहिले यंत्र बांधणाऱ्याने तेलाच्या ब्रेकपेक्षा हाच प्रकार पत्करावा. त्यात पकड थोडी कमी मिळते, पण ती आपल्याला निम्मीच हवी आहे हे वर पाहिलेच.

तेलाचाच ब्रेक घेतला तर कारखान्याने सांगितलेलेच तेल भरावे. काही सायकल-ब्रेकांत खनिज तेल असते तर काहींत मोटारीच्या ब्रेकमधील ग्लायकॉलयुक्त द्रव. एकाच्या जागी दुसरे भरल्यास आतील रबरी कड्या फुगतात वा खराब होतात, आणि याचा प्रत्यय त्याच दिवशी येत नाही. कित्येक आठवड्यांनी येतो.

परीक्षण

धावपट्टीवर जाण्यापूर्वी ब्रेकची परीक्षा अंगणातच घेता येते, आणि ती शाळेतील विद्यार्थ्यांनाही करून पाहता येण्याजोगी आहे. एंजिन बंद असावे आणि घूर्णक बांधून ठेवलेला असावा. चालकाने आसनावर बसून ब्रेक दाबून धरावा, व दोन-तीन जणांनी आसाच्या उंचीवर दोर बांधून यंत्र पुढे ओढावे. दोराच्या मध्ये १५० किलोग्रॅमचा स्प्रिंगतराजू अडकवावा. तराजू १०० किलोग्रॅम दाखवीपर्यंत चाके फिरली नाहीत, तर वर काढलेले ९८० न्यूटन बल ब्रेक देतो असे सिद्ध झाले. चाके न फिरता टायर घसरू लागले तर त्याहूनही उत्तम. एक चाक फिरले व दुसरे अडकून राहिले, तर दोन्ही बाजूंची पकड समान नाही असे समजावे, आणि ती समान होईपर्यंत यंत्र हलवू नये. सायकलवरही हा प्रयोग होतो: पुढचे चाक उचलून धरावे, टायरच्या कडेला दोरी बांधून तिला वजने टांगीत जावीत व ब्रेक अमुक जोराने दाबला असता चाक केव्हा सरकते ते पाहावे. वजन व त्रिज्या यांच्या गुणाकाराने परिबल मिळेल.

नवीन पॅडची पकड आरंभी कमी असते. सावकाश वेगावरून दहा-वीस वेळा थांबल्यानंतर ती पूर्ण येते. म्हणून परीक्षा त्यानंतर घ्यावी. घूर्णक फिरविण्यापूर्वी एंजिन वाढवून यंत्र जागीच धरून ठेवावे लागते, त्यासाठीही हीच परीक्षा उपयोगी पडते. पंखा ४०० न्यूटन ढकल देत असेल तर प्रत्येक ब्रेकवर ३० न्यूटन-मीटर परिबल येते; ते सहज पेलते. पूर्ण वेगाच्या एंजिनाला मात्र ब्रेकने धरून ठेवण्याचा प्रयत्न करू नये. तेथेही आधी हार खाणारी वस्तू ब्रेक नसून टायर असते.

या देशात घरी बांधलेले उडते यंत्र हवेत नेण्यासाठी नागर विमानन महासंचालनालयाची नोंदणी व परवानगी आवश्यक असते. मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिले, पण त्याची नोंदणी व्हावयास २०१७ साल उजाडावे लागले. ते पंखांचे विमान होते, जायरोप्लेन नव्हे. तरी तपासणीचा मार्ग कोणालाच चुकत नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. तपासणारा अधिकारी ब्रेक सायकलचा आहे की विमानाचा एवढेच विचारून थांबणार नाही. आसाची जाडी, बोल्टांची जात आणि परीक्षेचे आकडे लिहून ठेवलेले असतील तर बांधणाऱ्याला उत्तर देणे सोपे जाते.

दोन गोष्टी राहिल्या; दोन्ही जायरोप्लेनच्या विशिष्ट रचनेतून निघतात. एंजिन चाकांच्या जवळच असल्याने त्याचे तेल थेंबाथेंबाने तबकडीवर पडू शकते, विशेषतः इंधनात तेल मिसळून चालणाऱ्या द्विधाव एंजिनाचे. तेल लागलेले पॅड पुसून पुन्हा वापरू नये, बदलावे, आणि तबकडीवर पत्र्याचे एक हलके छत्र घालावे. दुसरी गोष्ट अशी की पंखा चाकांच्या मागे असतो. सायकलच्या तबकडीचा एखादा बोल्ट ढिला होऊन गळला तर तो रस्त्यावर पडतो. जायरोप्लेनच्या चाकातून निसटलेला बोल्ट मात्र मागे उडून मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणाऱ्या पंख्यात जाऊ शकतो, आणि लाकडी पात्याची कड फोडण्यास तेवढा पुरे आहे. म्हणून सहाही बोल्टांच्या डोक्यांना आडवी छिद्रे पाडून त्यांतून पोलादी तार ओवावी व दोन-दोन बोल्ट एकमेकांशी अशा रीतीने बांधावेत की एक ढिला होऊ लागला तर तार दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढील.